आई-वडिलांना आपली मुंबई दाखवताना

गावाकडून आई-वडील येणार म्हटलं की आपण यादी करायला बसतो. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटी, सी लिंक. या सगळ्या जागा दाखवाव्यात, पण ते दोघं मुळात निघालेले असतात ते वेगळंच बघायला. आपलं पोर कुठं राहतं, पाणी कसं येतं, कामाला कसं जातं, रात्री किती वाजता घरी पोचतं, आजारी पडलं तर शेजारचं कुणी दार वाजवतं का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. माझं माहेर बार्शी तालुक्यातलं आणि नोकरीमुळे घर भांडुपला. आई-अण्णा येऊन गेले की गावातल्या मैत्रिणी विचारतात, तू त्यांना कसं फिरवतेस? त्यांच्यासाठी आणि मुंबईत घर केलेल्या सगळ्या लेकी-लेकांसाठी हे क्रमानं लिहिते आहे.

बोलवायचं कधी

मुंबईची हवा नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत बरी असते. पण शेतकऱ्याच्या घरी हवेपेक्षा शेताचं वेळापत्रक मोठं. आमच्याकडे सोयाबीन निघालं, ज्वारी-हरभरा पेरून झाला की डिसेंबरात जरा उसंत मिळते. तुमच्या भागात ऊस किंवा द्राक्षं असतील तर हिशेब वेगळा पडेल. तेव्हा तारीख आपल्या रजेवरून ठरवू नका, आधी त्यांना विचारा. दुसरा प्रश्न जनावरांचा. 'धारा कोण काढणार' हे ठरल्याशिवाय आई घरातून निघत नाही आणि निघाली तरी तिचा जीव गोठ्यात असतो. चुलतभाऊ, शेजारी, गडी, जो कुणी बघणार असेल त्याच्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. परतताना त्याच्या घरी मुंबईहून काहीतरी जायलाच हवं, हेही आताच लिहून ठेवा.

लेकीकडे येणार असतील तर आणखी एक अडचण असते. 'लेकीच्या घरी किती दिवस राहायचं' हा संकोच अजून गेलेला नाही. माझ्या अनुभवात यावर एकच उपाय चालतो: आमंत्रण जावयानं द्यायचं. फोन त्यानं करायचा, तिकीट काढल्याचं त्यानं सांगायचं, स्टेशनवर घ्यायला त्यानं जायचं. सासूबाई घरात असतील तर त्यांनी आईशी बोलावं. एका फोननं काम होतं.

तिकीट काढताना

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिकांच्या लोअर बर्थचा कोटा निवडा. तो ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिलांसाठी असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो. म्हणून भाऊ, भाचा किंवा आपण स्वतः सोबत असलो तरी आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढायचं. एकत्र काढलं की कोटा हातचा जातो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरचा बर्थ येऊ शकतो. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ६५ वर्षांवरील नागरिकांना आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. एसटीनं येणार असतील तर आधार कार्ड बॅगेच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवं.

कुठं उतरायचं तेही ठरवून सांगा. मध्य रेल्वेच्या बाजूला राहत असाल तर कल्याण, ठाणे किंवा दादर, त्यांची गाडी जिथं थांबते आणि तुम्हाला जवळ पडतं ते. सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही. फक्त मधल्या स्टेशनवर गाडी फार थांबत नाही, तेव्हा सामान आधीच दाराशी आणायला सांगा आणि तुम्ही त्यांच्या डब्याच्या जागी उभे राहा. डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो ते इंडिकेटरवर दिसतं. गावाकडून ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, डाळी असं जड सामान येणारच. 'आणू नका' म्हणून उपयोग नसतो आणि म्हणूही नये. हमालाचे पैसे सुटे ठेवा.

घर आधी शिकवा

पहिला दिवस आणि शक्यतो दुसराही बाहेर काढायचं नाही. रात्रीच्या प्रवासानं अंग आंबलेलं असतं, पाणी बदललेलं असतं. या दोन दिवसांत त्यांना घराची ओळख करून द्या. आपण दार ओढून घेतो आणि लॅच आपोआप लागतं. गावात दिवसभर दार उघडं असतं, त्यामुळे आई पायपुसणं झटकायला बाहेर जाते आणि दार लागून जातं. लॅच त्यांच्या हातानं चार-पाचदा उघडून घ्या आणि एक किल्ली शेजारी ठेवा. लिफ्ट, गॅसची शेगडी, गीझर, इंटरकॉम, पाणी यायची वेळ हे सगळं करून दाखवा. नुसतं सांगून लक्षात राहत नाही.

मग एक कागद. त्यावर तुमचं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव-नंबर, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण आणि स्टेशन 'पूर्व' की 'पश्चिम'. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाला आपलं घर सापडत नाही आणि रस्ता सांगणाऱ्यालाही काही सुचत नाही. एक प्रत अण्णांच्या खिशात, एक आईच्या पिशवीत. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबरही त्यावर लिहा.

तुम्ही कामाला गेल्यावरचा वेळ सगळ्यात लांब असतो. पाचला उठणारी माणसं नऊला रिकामी होतात आणि समोर बंद दारं. जवळच्या बागेतला कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघ, हरिपाठ होणारं देऊळ यांचा तपास ते येण्याआधी करून ठेवा. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर करमाळ्याकडच्या एक आजी आहेत. आई आली की पहिल्याच संध्याकाळी मी दोघींना भेटवते. पुढं मला काही करावं लागत नाही. दोघींची ज्वारीच्या भावापासून सुरुवात होते ती सुनांपर्यंत जाते.

रोजची मुंबई, म्हणजे तुमची

तिसऱ्या दिवसापासून बाहेर, पण लांब नाही. सकाळी भाजीला त्यांना घेऊन जा. तुमचा भाजीवाला, वाणी, दूधवाला, औषधांचं दुकान, डॉक्टर यांची नावानिशी ओळख करून द्या. 'हे माझे वडील' एवढंच म्हणायचं. समोरचा माणूस दोन शब्द बोलतो आणि आपल्या पोरीला इथं लोक ओळखतात, हे त्यांना कळतं. मला विचाराल तर हा अर्धा तास गेटवेपेक्षा मोलाचा आहे.

शक्य असेल तर कामाची जागा दाखवा. आत नेता येत नसेल तर बाहेरून, पण 'तो पाचवा मजला, ती खिडकी' असं बोट दाखवून. पुढं फोनवर तुम्ही 'ऑफिसात आहे' म्हणता तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी येतं. जेवता कुठं, डबा कुठं उघडता, पाऊस लागला तर कुठं थांबता, हे विचारतील. सगळं सांगा.

एक गोष्ट पैशांची. कुठंही गेलं की 'किती गेले?' हा प्रश्न येतो आणि आकडा ऐकला की पुढचा घास गोड लागत नाही. तिकिटं आधी काढून ठेवा. पण त्याचबरोबर रोजचा एखादा खर्च अण्णांकडे सोपवा, भाजी म्हणा किंवा बाहेरचा चहा. आयुष्यभर ज्यांनी घर चालवलं त्यांना प्रत्येक वेळी पाकीट काढू न देणं त्यांना लागतं. 'अण्णा, चहाचे तुम्ही द्या' म्हटलं की ते ताठ बसतात.

लोकलचा सराव

लोकल दाखवल्याशिवाय मुंबई दाखवली असं होत नाही. मात्र गर्दीच्या वेळी अजिबात नको. सकाळी आठ ते अकरा शहराकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपनगरांकडे येणाऱ्या गाड्या टाळा. दुपारी बारा ते साडेतीन ही चांगली वेळ. रविवारी गर्दी कमी असली तरी बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशी बघून घ्या. फास्ट गाडी नको, स्लो धरा. जमलं तर गाडी सुटते तिथूनच बसा, म्हणजे चढायला घाई होत नाही. पहिला प्रवास तीन-चार स्टेशनांचाच करा.

एसी लोकलचं तिकीट महाग असतं, पण दारं बंद असल्यानं मनाला धास्ती नसते. त्यात साध्या लोकलचं तिकीट चालत नाही हे लक्षात ठेवा. साध्या गाडीत ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात. तिथं बसलेल्याला नीट शब्दांत सांगितलं तर तो उठतो. आईला महिला डब्यात आणि अण्णांना पुरुषांच्या डब्यात असं वेगळं बसवू नका, सगळे एकत्र जनरल डब्यात चढा. चढताना ते पुढं, तुम्ही मागं. उतरताना तुम्ही पुढं आणि त्यांचा हात धरलेला. आपलं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते आधीच सांगा.

चुकामूक झाली तर काय करायचं हे घरातून निघतानाच पाठ करून घ्या. प्लॅटफॉर्मवर राहिलेल्यानं तिथंच थांबायचं, एक पाऊलही हलायचं नाही. गाडीत गेलेल्यानं पुढच्याच स्टेशनवर उतरून उभं राहायचं. शोधायला कुणी निघायचं असेल तर तुम्ही, त्यांनी नाही. हा नियम मी प्रत्येक वेळी दोघांकडून वदवून घेते.

जिने हा गुडघ्यांचा खरा शत्रू. म्हणून भुयारी मेट्रो-३ म्हातारपणाला फार सोयीची आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. लिफ्ट, सरकते जिने, गारवा, आणि सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक अशी स्टेशनं. रिक्षा मात्र शीव आणि वांद्र्याच्या पुढं दक्षिणेला जात नाही. तिथून टॅक्सी किंवा बेस्ट.

दक्षिण मुंबईचा एक दिवस

या दिवसाला घाई करू नका आणि सकाळी उशिरा निघा. सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर पळायचं नाही. अण्णांच्या पिढीला हे बोरीबंदर किंवा व्हीटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ साली सुरू झालेलं हे बांधकाम दहा वर्षं चाललं, आणि २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, म्हणजे आपण आत्ता आलो त्याच वाटेनं, हे सांगितलं की प्रवासाला वेगळा अर्थ येतो. आमच्याकडे १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वे होती, अरुंद रुळांची. अण्णा तिथं उभे राहून त्या गाडीचं सांगतात, आणि ऐकणारी मी असते. आपण दाखवतो त्या प्रत्येक जागेशी त्यांचं काहीतरी नातं निघतं, ते निघायला वेळ द्यावा.

रस्ता ओलांडून समोरून, पालिकेच्या बाजूनं ही इमारत पूर्ण दिसते. फोटो तिथून. मग टॅक्सीनं किंवा मेट्रोनं हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचं हे स्मारक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार असे दोघं त्यावर आहेत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो या रक्तावर, हे त्या पिढीनं लहानपणी ऐकलेलं असतं. अण्णांनी तिथं चप्पल काढून नमस्कार केला होता. शेजारचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं.

दुपारचं ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढा. बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सगळं आहे. सगळी दालनं बघायची जबरदस्ती करू नका. शिल्पं आणि शस्त्रं बघितली तरी पुष्कळ.

गेटवेला उन्हं उतरल्यावर जा. १९११ साली पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेटनं आराखडा केलेली ही कमान १९२४ साली पूर्ण झाली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. समोरच बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक समुद्राकडे तोंड करून उभे राहतात आणि तो बघायचाच राहतो. तिथल्या फोटोवाल्याकडून एक छापील फोटो जरूर काढून घ्या. मोबाईलमधले फोटो मोबाईलमध्येच राहतात, छापलेला मात्र ओटीवरच्या भिंतीवर लागतो.

डबेवाले दाखवायचे असतील तर वेगळ्या दिवशी, साडेअकरा-बाराच्या सुमारास, चर्चगेट स्टेशनबाहेर. त्यातले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडचे. टोप्या बघूनच अण्णांना माणसं जवळची वाटतात. त्यांना अडवून गप्पा मारू नका, तो त्यांच्या घाईचा वेळ असतो.

दादर, लालबाग, वडाळा

दादर पश्चिमेला आईसाठी अर्धा दिवस ठेवा. फुलांचा बाजार सकाळी लवकर, साड्यांची दुकानं नंतर. जेवायला किंवा खायला आस्वाद किंवा प्रकाश. साबुदाणावडा, थालीपीठ, पियूष, सगळं ओळखीचं, त्यामुळे मेनूकार्ड बघून गोंधळ नाही. मग चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क. ६ डिसेंबरच्या आसपास येणार असाल तर देशभरातून लोक तिथं आलेले असतात. त्या दिवशी दर्शनाला म्हणून यायचं तर या, नाहीतर पार्कातला फेरफटका दुसऱ्या दिवशी ठेवा.

लालबाग-परळ टॅक्सीतून का होईना दाखवा. जुन्या माणसांच्या ओळखीत गिरणीत राहिलेला कुणीतरी असतोच, खानावळीत जेवून गावी मनीऑर्डर पाठवणारा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आणि त्यानंतर गावी परतलेले लोक त्यांनी बघितलेले आहेत. बार्शीतही कापड गिरण्या होत्या, त्यामुळे अण्णांना भोंगा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आज तिथं उभे असलेले टॉवर दाखवून, इथं कुठली गिरणी होती हे सांगता आलं तर सांगा.

आई वारकरी असेल तर वडाळ्याचं विठ्ठल मंदिर चुकवू नका, मुंबईकर त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. सिद्धिविनायकाला मंगळवार आणि चतुर्थी सोडून, दुपारच्या वेळी. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आहे का हे दारातच विचारा.

समुद्र आणि घारापुरी

ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांना आधी मरीन ड्राइव्हचा कठडा दाखवा, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. तिथं काही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. पुढं गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे, ऑगस्ट १९२० मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार इथंच झाले. वाळूत चालताना म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालवा.

घारापुरीचा विचार दहादा करा. गेटवेहून लाँचनं सुमारे तासभर लागतो, चढता-उतरता लाँच हलते, आणि जेटीपासून छोट्या गाडीनं गेलं तरी पुढं सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, पण आपल्या वजनाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला आमच्या आईचं मन घेत नाही. गुडघे चांगले असतील तर जरूर जा. त्रिमूर्तीसमोर उभं राहिल्यावर दमणूक विसरायला होते. सोमवारी लेणी बंद असतात, पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही, आणि लाइफ जॅकेट गुदमरायला होतं म्हणाले तरी काढू देऊ नका.

राणीची बाग सोपी आणि सपाट, बुधवारी बंद. पेंग्विन मुलांसाठी, आई-वडिलांसाठी तिथली झाडं. गोरखचिंचेचं खोड बघून शेतकरी माणूस थबकतोच. म्हातारीचा बूट कमला नेहरू पार्कात. शाळेच्या सहलीत ज्यांचं बघायचं राहिलं त्यांना तो बघायचा असतो, वय काही असो. सी लिंक आणि किनारी रस्ता टॅक्सीतून एका फेरीत होतात, खिडकीची जागा त्यांना द्या.

पिशवीत काय

पाणी, सकाळच्या गोळ्या, बिस्किटं किंवा दशमी, टोपी, एक रुमाल. साखरेची गोळी चालू असेल तर जेवणाची वेळ टळू देऊ नका. आणि स्वच्छतागृहाचं नियोजन तुम्हीच करा. बायका विचारत नाहीत, पाणी प्यायचं टाळतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. जिथं चांगली सोय आहे, म्हणजे संग्रहालय, मॉल, मोठं हॉटेल, तिथं 'चल आई, जाऊन येऊ' असं आपणच म्हणायचं. दिवसाला एक मोठी जागा, एक छोटी. दोन दिवस फिरलं की तिसरा दिवस घरी. त्या दिवशी आई भाकरी थापते, अण्णा खाली कट्ट्यावर बसतात.

परतीची तयारी

निघायच्या दोन दिवस आधी फिरणं बंद करा. भावकीत वाटायला सिद्धिविनायकाचा प्रसाद आणि माहीमचा हलवा न्या. हलवा पातळ वड्यांचा असतो, प्रवासात टिकतो आणि तुकडे करून बऱ्याच घरांत पोचतो. धारा काढणाऱ्याच्या घरासाठी वेगळं पुडकं बांधून त्यावर नाव लिहा. गाडीत चढवायला लेक आणि जावई दोघंही जा. रात्रीच्या गाडीला संध्याकाळची गर्दी अंगावर येते, म्हणून घरून टॅक्सी करा किंवा चारच्या आत लोकलनं निघून स्टेशनवर बसा. बर्थवर बसवून, सामान साखळीनं बांधून, शेजारच्या प्रवाशाला 'यांना कुर्डुवाडी आली की सांगाल का' असं सांगून मगच खाली उतरा. आणि पुढच्या हिवाळ्याचा महिना कुठला सोयीचा, हे त्यांना फलाटावरच विचारून ठेवा. गावी पोचल्यावर शेत आणि जनावरं समोर आली की ते तारीख सांगत नाहीत.